टपालाचा पहिला बाइट

चाळीस पत्रांनी भरलेली फाइल उघडता उघडताच कशी संपेल? पण जुईलीचा यंत्रमानव टिकल्या ठामपणे म्हणाला, “संपली.”

जुईलीला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीत दर सोमवारी पृथ्वीहून टपाल यायचं आणि कुणाचा तरी यंत्रमानव ते सभागृहात वाचून दाखवायचा. गेले पाच सोमवार हा मान शेजारच्या मल्हारच्या यंत्रमानवाने, राजहंसाने, पटकावला होता. जुईलीच्या मते त्याचा आवाज सर्दी झालेल्या पंख्यासारखा होता. (असं मत वस्तीत तिचं एकटीचंच होतं.) आजपासून पत्रं देवनागरीत येणार होती आणि राजहंसाला रोमन अक्षरांपलीकडे काही येत नव्हतं. टिकल्या आज अडला, तर टपाल पुन्हा रोमन होणार आणि मान राजहंसाकडे जाणार. सभा तासाभरावर आली होती.

“फाइल उघडल्यावर आधी काय केलंस?” तिच्या आजोबांनी, आबांनी, विचारलं. जन्मभर संगणकांशी भांडून ते निवृत्त झाले होते.

“काही नाही.”

“जुई.”

“रोमन आहे का ते बघायला एकच बाइट वाचला. मल्हारने वशिला लावून पुन्हा रोमनच मागवलं असेल तर?”

“हं. रोमन अक्षर एका बाइटात (संगणकाच्या छोट्याशा डब्यात) मावतं. आपला ‘क’ तीन डबे अडवून बसतो. सुटे डबे वाचले तर कचरा मिळतो. म्हणून तू टिकल्याला कोणती आज्ञा शिकवलीस?”

“एफ-गेट-डब्ल्यू-सी. ती रुंद वर्ण (डबे जोडून झालेलं अख्खं अक्षर) आणते.”

“बरोबर. पण फाइलीतून येणारा प्रवाह (ओळीने येणारा मजकूर) पहिल्याच वाचनाला ठरवतो, सुटे बाइट द्यायचे की रुंद वर्ण. तू बाइट मागितलास, तो बाइटवाला झाला. आता अक्षर मागितलं की तो हात वर करतो. गडबड झाली तरी आणि फाइल संपली तरी उत्तर एकच येतं, म्हणून टिकल्या बिचारा ‘संपली’ म्हणतो.”

“मग?”

“बंद कर, नव्याने उघड. आणि मल्हारचा विचार न करता थेट अक्षर माग.”

दुसरा भाग अवघड होता, पण जमला. सभागृहात टिकल्याने चाळीसही पत्रं काना-मात्रेसकट वाचली.

सभेनंतर मल्हार जवळ आला. “याला एवढं कसं काय येतं गं?” त्याचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला होता. पाच सोमवार जुईलीने तो चेहरा आरशात पाहिला होता.

सांगायचंच नाही, असं ठरवून ती निघाली आणि दारातून परत फिरली. पुढच्या महिन्यापासून तमिळ, चिनी, अरबी पत्रंही येणार होती. एकट्या टिकल्याला ती झेपणार नव्हती.

“राजहंसाला घेऊन ये, शिकवते,” ती म्हणाली. “पण पुढचा सोमवार आमचाच.”