आईच्या नावाच्या गोळ्या

महागावच्या मेडिकलमध्ये मी मूठ उघडली आणि गोळी घरंगळत गेली… थेट मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पायाशी. त्याने ती उचलली, शर्टाला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बाहेर झड लागली होती. त्याच्या केसांतून पाणी गळत होतं आणि मी गोळीऐवजी त्याच्याकडेच पाहत होते.

"हिचं पाकीट नाई का?" दुकानदाराने विचारलं.

पाकीट असणार कुठून? दहावीत मला पहिली फिट आली, तेव्हापासून आमच्या घरी गोळ्या सुपारीच्या डबीत राहतात आणि पाकिटं चुलीत जातात. आमच्या फुलसावंगीत कुणी गोळीचं नाव वाचलं की माझं, म्हणजे दीपमालाचं, लग्न राहिलंच, असं आईचं म्हणणं. यवतमाळचा मामा गोळ्या पाठवायचा. आता त्यानेही हात टेकले होते. मालच येत नाही म्हणे.

मी दबक्या आवाजात गोळीचं नाव सांगितलं. दुकानदाराने मान हलवली. "ते त येऊनच नाई राह्यली. सगळीकडं तेच हाय."

"कोनासाठी पायजे?" मागून आवाज आला.

"आईसाठी," मी म्हटलं. खोटं बोलायला मला कधी वेळ लागत नाही.

"मी भारत. फुलसावंगी-महागाव काळी-पिवळी हाय माही. पुसद, उमरखेडचे सगळे डायवर ओळखीचे. चिठ्ठीचा फोटो पाठवा, पाहतो मी."

"आनि नाई भेटली त?"

"आमच्या बंजारा तांड्यातल्या म्हाताऱ्यायनं बैलायवर मीठ वाह्यलं, मॅडम. गोळ्या त लय हलक्या." तो हसला. हसला की डोळे पार मिटायचे त्याचे. असा माणूस गाडी कशी चालवत असेल, देव जाणे.

मी फोटो पाठवला. माझ्या नावावर बोट ठेवून, आणि खाली आईचं नाव लिहून: मथुराबाई.

महागावला मी कापडाच्या दुकानात कामाला जाते. त्या दिवसापासून त्याच्याच गाडीने जाऊ लागले. का, ते विचारू नका.

"आरशात पाहून गाडी चालवतात का?" एकदा मी विचारलं.

"मागचा रस्ता पाहून राह्यलो."

"मागं रस्ता नाई. मागं मी बसली हाव."

"तेच त…"

इतकं गोड बोलणारा हा माणूस प्रत्येक थांब्यावर मात्र खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "मथुराबाईच्या फिटच्या गोळ्या कोनाकडं शिल्लक हाय का?" मी ओढणीआड तोंड लपवायचे. आठवडाभरात माझी धडधाकट आई गावभर आजारी झाली. आता घरी चांगलीच पूजा होणार म्हणून मी घाबरत घाबरत गेले. आई भाकरी थापत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "माहंच नाव घेतलं ना त्यानं? माहं त लग्न होऊन गेलं."

डबीचा तळ दिसायला लागला. दोनच्या जागी मी एकच गोळी घ्यायला लागले. मनाने कमी करायची नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पण एकदम संपण्याची भीती जास्त होती. मग एका दुपारी दुकानात कापड उलगडताना माझा डावा हात आपोआप उडाला आणि ठाण खाली पडलं. मालकाने पाहिलं. "सुटलं हातातून," मी म्हटलं.  दहावीतही अशीच सुरुवात झाली होती… आधी हात, मग काहीच नाही, आणि डोळे उघडले तेव्हा भोवती वाकलेले चेहरे. मला फिटपेक्षा त्या चेहऱ्यांची भीती वाटते. आणि आता त्यांत एक चेहरा वाढला होता.

शनिवारी संध्याकाळी गाडीत बसले, तर भारतने गोळ्यांची पट्टी वर धरली. "भेटली, मॅडम. पुसदहून. एकच होती."

मी हात पुढे करणार, तोच शेजारच्या सुखीबाईने त्याचा खांदा धरला.  "भारत… माह्या सुनेलेही हेच हाय रे. हेच गोळी. कोनाले सांगतलं नवतं. तू रोज वरडतं, म्हून आज बोलून राह्यली. सकाळी चुलीपाशी पडली ते. हात भाजला."

 टपावर पाऊस वाजत होता. भारतने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम… मथुराबाई खंबीर हाय. दोन-चार दिवस थांबतीन का त्या? तुमी म्हनसान तसं करू."

त्याचं काही चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. हो म्हणून गप्प बसले असते, तर नाव राहिलं असतं आणि त्याची आरशातली नजरही राहिली असती. मांडीवरचा हात उडाला. मी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला. मला रडू येत होतं.

"नाई थांबता येणार," मी म्हणाले. "आईले काईच नाई. गोळ्या… माह्या हाय."

त्याने इंजिन बंद केलं आणि पूर्ण मागे वळला. खरं कळल्यावर हा चेहरा कसा होईल, याचा मी कितीदा विचार केला होता. तो घाबरला होता. सरळ दिसत होतं. पण मला नाही, माझ्यासाठी.

"कमी घेऊन राह्यली ना तू?" 'तुमी' कुठल्या कुठे गेलं.

"हो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"मंग तू आरशात पाह्यनं बंद केलं असतं…"

 त्याने पट्टी मधोमध कापली, अर्धी सुखीबाईला दिली, अर्धी मला. "सुखीबाई, सुनेले आजच दवाखान्यात दाखवू. आनि सोमवारी दोघीयले यवतमाळले नेतो, मोठ्या डॉक्टरकडं. दुसरी गोळी चालते का, विचारू." मग त्याच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळला. "मामा, तुमी जरा मागं बसा."

"काहून रे?"

"तिले पुढं येऊ द्या," भारत म्हणाला. "आरशात नीट दिसत नाई."

मी पावसातून उतरून पुढे जाऊन बसले. अर्ध्या पट्टीने किती दिवस निघणार होते? भीती तशीच होती. हात पुन्हा उडाला… या वेळी मी तो लपवला नाही.