शोकाचा कोड

दिवे गेले आणि दारांबाहेरचं आवाजाचं यंत्र बंद पडलं. आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून ते दिवसभर पावसासारखं झिमझिमत असे. एकाएकी एवढी शांतता पसरली, की समोरासमोरच्या दोन्ही खोल्यांतले समुपदेशक एकदमच बाहेर आले.

सिग्नेच्या हातात फोन होता. त्याच्या उजेडात आपले ओले डोळे दिसणार, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"रडताय?" समोरचा एल्डन म्हणाला. "आपल्या धंद्यात ते पेशंटचं काम."

तिला हसू आलं. वर्षभर शेजारी असून दोघं आज पहिल्यांदाच बोलत होती.

"विमा कंपनीनं माझ्या एका पेशंट बाईंचे पैसे नाकारलेत. नवरा जाऊन दीड वर्ष झालं. बिलावर मी आजाराचा कोड लावला होता, परिस्थितीशी जुळवून घेतानाचा त्रास…"

"म्हणजे सगळ्यांत सौम्य!"

"मग काय, दुःखी माणसाच्या कपाळावर मोठ्या आजाराचा शिक्का मारू?"

"मऊ मनाची माणसं हाच कोड लावतात," तो हळूच म्हणाला. "पण कंपनीच्या मते सहा महिन्यांत माणसानं जुळवून घ्यायलाच हवं."

बाई गुरुवारी शेवटचं भेटायला येणार होत्या. पैसे न देता येत राहणं त्यांना मान्य नव्हतं, आणि घरी बोलायला भिंतींखेरीज कोणी नव्हतं.

एल्डनने वसंतात घेतलेलं, आजारांच्या कोडांचं नवंकोरं जाडजूड पुस्तक आणलं. विजेरीच्या उजेडात दोघं पानांवर वाकली. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास होता… तो तिला का आवडला, कोण जाणे.

"हा बघा. लांबलेला शोक. पण बाईंचं खरंच तसं आहे ना? नुसते पैसे मिळावेत म्हणून नको."

"अजून दोन ताटं वाढतात त्या."

"मग हाच."

"किती आभार मानू! चला, कॉफी माझ्याकडून."

एल्डन एक पाऊल मागे सरला. "आत्ता नको. उपकाराखाली दबलेलं माणूस आभारालाच प्रेम समजतं. आपण रोज बघतो हे."

"प्रेमाचं कोण बोललं? मी कॉफी म्हणाले!"

विजेरीच्या उजेडातही त्याचे कान लाल झालेले दिसले.

बुधवारी पुन्हा नकार आला. कोड अस्तित्वातच नाही म्हणे! सिग्ने स्वतःच शोधत बसली. दर ऑक्टोबरला कोड बदलतात. त्या कोडला आता आणखी एक आकडा जोडलेला होता, आणि एल्डनचं पुस्तक वसंतातलं. तिने नवा कोड लावला आणि कंपनीला फोन केला. तिकडचं संगीत ऐकून कान किटले, तेव्हा कुठे पलीकडून उत्तर आलं, "हा चालेल."

गुरुवारी बाई आल्या. कोट चढवताना म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या गुरुवारी येते हं."

सिग्नेने समोरच्या उघड्या दारावर टकटक केली. "तुमचा कोड चुकला."

त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा! आणि त्या बाई?"

त्याचा पहिला प्रश्न त्यांच्याबद्दल होता, हे सिग्नेच्या लक्षात आलं.

"बरोबर कोड मी शोधला. त्या येत राहणार आहेत."

तो सुटकेने खुर्चीत बसला. "माफ करा. आभार मानण्यासारखं मी काहीच केलं नाही."

"म्हणून तर आले. आता तुमचा कसलाच उपकार नाही माझ्यावर, आणि तरी मी तुमच्या दारात उभी आहे. आता बोला!"

त्याने दाराकडे पाहिलं. म्हणाला, "दिवे गेले त्या दिवसापासून पेशंट नसला की मी दार उघडं ठेवतो. तू जाता-येता दिसावीस म्हणून…"

'तू' म्हटल्याचं त्याला कळलंच नाही. तिला कळलं.

दोघं डुलुथ शहराचा उतार उतरून सरोवराकडे निघाली. वारा बोचरा होता. एल्डनने तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला, आणि सिग्नेने मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले… अगदी त्या विमा कंपनीचेसुद्धा.