माप घेताना हसू नये

मानवी चेहरा ही सृष्टीची सर्वश्रेष्ठ कलाकृती आहे आणि ती पुन्हा घडवण्याचं भाग्य शतकात एखाद्यालाच लाभतं. असा एक भाग्यवान त्या सकाळी रुग्णालयाच्या तळघरात टेबलाखाली ओणवा होऊन निसटलेली वायर शोधत होता.

"चेहऱ्याचं इथेच करतात ना?" मागून आवाज आला. "की तुम्ही पाठीमागच्या बाजूचे?"

घाईने उठताना त्याचं डोकं टेबलावर आपटलं.

दारात एक शिंपीण उभी होती, अर्धा चेहरा रुमालाआड. आठ महिन्यांपूर्वी बस उलटली, तेव्हा डाव्या गालाच्या हाडाचा चुरा झाला. शेजारी बसलेला भाऊ उठलाच नाही. लग्न ठरलेला मुलगा एकदा येऊन संत्री ठेवून गेला. संत्री सुकली, तो काही परतला नाही. घरी आत्या वाढतानाही ताटाकडेच बघे.

त्याने काम समजावलं. कॅमेरा तोंडाभोवती फिरणार, संगणकात चेहरा उभा राहणार. शाबूत उजवी बाजू आरशासारखी उलटवून डावीकडे बसवायची. त्यावरून गालात बसवायचा तुकडा तयार होणार.

"हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही."

"हसायला आहे काय इथे? तुमचं टेंगूळ?"

"ते उजवीकडे आलंय," कॅमेरा सुरू करत तो म्हणाला. "नियमाप्रमाणे आता डावीकडेही बसवावं लागेल."

ती हसली नाही... म्हणजे त्याला तसं वाटलं.

पुढचे दहा दिवस तो पडद्यावरच्या त्या चेहऱ्यापुढे बसून राहिला. चेहरा इतका प्रसन्न, की त्याला डबा उघडायचंही भान राहिना. तीन आठवड्यांनी तुकडा तयार होऊन आला, सर्जनबाईंनी सही केली. आणि शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी त्याला दिसलं—ओठाचा उजवा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा वर होता, आणि गालही. ती हसली होती! आणि त्याने ते हसू इमानेइतबारे डावीकडेही बसवलं होतं. हा गाल लागला की बाई जन्मभर डावीकडून हसणार. बाजारात, भांडणात, कुणाच्या मयतीतसुद्धा.

गप्प बसणं सोपं होतं. नवा तुकडा म्हणजे तीन आठवडे, सर्जनबाईंची पुढची तारीख चार महिन्यांनी. तोवर हाडाचा आधार गेलेला तिचा डावा डोळा आणखी खाली उतरणार. अशा दहांतल्या तिघांना पुन्हा सरळ दिसत नाही.

तो तिच्या दुकानात गेला आणि सगळं सांगून टाकलं. शिवणयंत्र थांबलं.

"मला हसवायची गरज काय होती?"

"तुम्हाला नव्हती," तो म्हणाला. "मला होती."

तिने हातातली बाही बाजूला ठेवली. "माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढतं. मी म्हणते, सोडा श्वास. दुसरीतली पोरगीसुद्धा ओळखेल. आणि तुम्हाला कळलं नाही?"

"नाही. मला वाटलं, तुम्ही... अशाच दिसता."

"आठ महिन्यांत एकदा हसले," ती म्हणाली. "तेही वाया."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या खुर्चीत बसली. खांदे हलू नयेत म्हणून दोन्ही हातांत खुर्चीच्या मुठी. कॅमेऱ्याच्या तीन फेऱ्या व्हायच्या होत्या. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत, तिला हसता येत नाही, बोलता येत नाही, मुख्य म्हणजे नाही म्हणता येत नाही अशी संधी साधून, तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला,

"चार महिने मी रोज येईन... पुढेही. डोळा उतरला तरी. तुकडा बसला नाही तरी. तो पडद्यावरचा चेहरा चुकीचा होता. मला... हा चालेल."

प्रेमाच्या आजवरच्या इतिहासात 'चालेल' हा शब्द इतक्या वाईट जागी कुणी ठेवला नसेल.

तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. गाल मात्र दाणाभरही हलला नाही. कॅमेरा थांबला.

"एक फेरी राहिलीय," तो म्हणाला. "हात सोडू नका."

"सोडले तर?"

"सगळं पहिल्यापासून."

"तुमच्या भाषणासकट?"

"...हो."

"नको मग." तिने मुठी घट्ट आवळल्या. "उत्तराचं नंतर बघू. आधी नाकाला केव्हाची खाज सुटलीय, तेवढं खाजवा. डावीकडून."