चालत्या मशीनची पूजा

“हात काढा!”

मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर झेंडूचे हार करत बसलेल्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या. सर्व्हर रूममध्ये, यूपीएसच्या लाल खटक्यावर हात ठेवून, एक उंच सावळा माणूस उभा होता. पायात बूट... आणि चेहऱ्यावर काही चुकल्याची खूणसुद्धा नाही!

“मी मृत्युंजय. नवा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सोमवारपासनं आलोय.”

“मग या खोलीत बूट घालून यायचं नाही, हे सोमवारपासून तुम्हाला कुणी सांगितलं नाही? आणि त्या खटक्याला हात लावायचा नाही, हे?”

“मॅनेजरसाहेबांनीच पाठवलंय. आक्का पूजेला आल्या की खटका खाली वढायचा म्हणं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ती २००४ सालची खंडेनवमी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला आमचा कारखाना सकाळपासून हळदी-कुंकवाने माखला होता. लेथला हार, ड्रिलला हार, कँटीनच्या पोळपाटालासुद्धा हार. मालकांच्या आई, म्हणजे आमच्या आक्का, एकेका मशीनपुढे कोहळा फोडत येत होत्या. त्यांचा नियम एकच – चालत्या मशीनची पूजा करायची नाही. बंद म्हणजे बंद!

पण लेथ बंद करणं वेगळं आणि सर्व्हर बंद करणं वेगळं, हे इथे कुणाला सांगायचं? गेल्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी मला न विचारता वीज तोडायला लावली. साठ्याच्या सगळ्या नोंदी विस्कटल्या आणि मी जिवाचं रान करून त्या सावरल्या. वर बोलणी कुणाला बसली? मलाच! “विद्याश्री मॅडमना मशीन सांभाळत नाही. पुन्हा असं झालं तर हे काम पुण्याच्या कंपनीला देऊ,” असं साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. म्हणजे आज काही बिघडलं तर चूक त्यांची आणि नोकरी माझी जाणार होती.

“हे बघा,” मी मृत्युंजयला म्हणाले, “कपाट एक दिसतंय, पण आत तीन घरं आहेत. एक आमच्या मशीनशॉपचं, एक ऑफिसचं, एक शिरोलीच्या फाउंड्रीचं. प्रत्येकाची चूल वेगळी. आधी आतली माणसं, म्हणजे काम करत बसलेले लोक, बाहेर काढायची, मग चुली, म्हणजे प्रोग्राम, विझवायच्या, मग एकेक दार लावायचं. वीज सगळ्यात शेवटी. तुम्ही आधीच खटका ओढलात तर...”

“तर माणसं अंधारात धडपडतील.”

“मरतील!”

तो हसला. हसताना त्याच्या गालाला खळी पडली. ती माझ्या लक्षात आली, याचाही मला राग आला.

“तुम्ही तुमचं काम करा की. मी हाय हितंच.”

आणि हात? हात खटक्यावर तसाच! एवढं समजावून सांगितलं ते काय भिंतीला? मी दातओठ खात कन्सोलपुढे बसले.

मशीनशॉपचं घर शहाण्यासारखं मिटलं. ऑफिसचंही मिटलं. शिरोलीचं मात्र हलेना. तिथे भांडारातला कारकून जोतीराम अजून आत बसला होता, तोही साठ्याची नोंद अर्धवट उघडी टाकून. आमचा तो प्रोग्राम जुनाट. नोंद मध्येच तोडली की सगळा साठा विस्कटणार, गेल्या वर्षीसारखाच. मी तडक फोन लावला.

“जोतीराम, नोंद पुरी करा आणि बाहेर पडा. आत्ताच्या आत्ता!”

“न्हाय जमायचं मॅडम.”

“का नाही जमायचं?”

“कॉम्प्युटरची पूजा झाली की आमची. कीबोर्डावर पानसुपारी ठिवलीय. पूजलेल्या हत्याराला हात कसा लावायचा? आता उद्या सोनं लुटल्यावरच.”

“अहो, पण नोंद अर्धी ठेवून पूजा कशी केलीत तुम्ही?”

“मुहूर्त निघून चाललाता...”

फोन भिंतीवर आपटावासा वाटला. तेवढ्यात दार उघडलं. मॅनेजरसाहेब, मागे आरतीचं ताट घेतलेल्या आक्का.

“अजून झालं नाही? मॅडमचं दरवर्षीचंच आहे हे. मृत्युंजय, ओढा तो खटका.”

मी वळून बघितलं – त्याचा हात अजून तिथेच होता...

“न्हाय साहेब.”

“काय?”

“बाई म्हणतील तवाच वढणार. दुसऱ्या कुणी वढू नये म्हणून तर मघापासनं हात ठिवून हुबा हाय.”

म्हणजे त्यासाठी होता तो हात! आणि दुसऱ्याच क्षणी भडका उडाला. “मग हे मघाशीच सांगायला काय झालं होतं?”

“तुम्ही बोलू कुटं दिलं?”

“सोमवारी आलेली नोकरी उद्या जाईल तुमची!” साहेब लाल झाले.

“जाऊ दे की.”

दोघांच्या मधे आक्का ताट सावरत उभ्या. “मशीन बंद झालं का न्हाय, एवढं सांगा मला.”

तेव्हा मला सुचलं.

“आक्का, चालत्या मशीनची पूजा केली तर चालते?”

“कशी चालंल? ती पूजाच न्हवं!”

“शिरोलीत जोतीरामनं केलीय.”

आक्कांनी माझ्या हातातून फोन ओढूनच घेतला. “जोत्या! चालत्या मशीनची पूजा करतोस व्हय रं? उचल ती पानसुपारी. आधी काम पुरं कर, मशीन बंद कर आणि परत पूजा कर. आंगूळ करून!”

थोड्याच वेळात जोतीरामचं नाव पडद्यावरून गेलं. मी शिरोलीचं दार लावलं, मग सगळं कपाट झोपवलं. पंख्यांची घरघर मंदावत मंदावत थांबली. खोली इतकी शांत झाली की मला माझंच काळीज ऐकू यायला लागलं.

“ओढा आता,” मी म्हणाले. माझा आवाज उगाचच मऊ आला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उठवायचं होतं. मृत्युंजय बूट बाहेर काढून आला. वीज सोडली. पंखे फिरायला लागले. एवढं मोठं मशीन आधी स्वतःचं सगळं अंग तपासतं, तोवर आपण नुसतं बसून राहायचं. तोही बसला.

“झालं ना तुमचं काम? जा आता.”

“एक बोलायचं हुतं...” तो चाचरला. “काल आमची अव्वा, माझी आई, निपाणीहून तुमच्या घरी सोनं द्यायला गेलती. सोनं निमित्ताला. परवा मीच तिला तुमचं सांगिटलं, आन ती तुमास्नी मागणी घालून आली.”

“काय? मला न विचारता? आणि घरच्यांनीही मला काही सांगितलं नाही?”

“तुम्ही लई चिडता. म्हटलं, घरच्यास्नी आधी...”

“मशीन उठेपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही!”

बोलले नाही. बघत मात्र होते... पडद्याच्या काचेत तो दिसत होता ना! ऑफिस उठलं. मशीनशॉप उठलं. शिरोली जरा रेंगाळली, माझा जीव टांगणीला लागला, आणि मग तीही उठली. साठ्याची एकही नोंद हलली नव्हती. तेवढ्यात साहेब डोकावले.

“शाबास मृत्युंजय! तुमच्यामुळं वाचलं मशीन.”

मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते देव जाणे. पण आधी तोच बोलला, बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“मी काय केलं? खटका धरून हुबा ऱ्हायलो. तेवढ्या कामाला खुंटीबी चालली असती. मशीन बाईंनी वाचवलंय. आन गेल्या साली बिघडलं ते बाईंमुळं न्हाय, खटका वढायला लावला म्हणून बिघडलं.”

बाहेर कुणीतरी खोकलं. साहेब घुटमळले. “बरं बरं... पुण्याला नको म्हणून कळवतो मग.”

म्हणजे पुण्याशी बोलणी चालूच होती! मी तावातावाने दाराकडे बघत राहिले, पण साहेब कधीच सटकले होते.

“आता राग कुणावर?” मृत्युंजयने हळूच विचारलं.

“तुमच्यावरच! लग्न माझं, आणि मलाच शेवटी कळवताय?”

“मग आता इचारतो. माझ्याशी लगीन करशीला?”

“आणि तुमची अव्वा सांगणार, सुनेनं घरात बसावं!”

“इचारलं तिनं. मी सांगिटलं, ती त्या खोलीतनं हलायची न्हाय.”

“मग घरचं कोण बघणार?”

“मी बघतो की. भाकरी येतीया मला.” तो जरा थांबला. “जाड हुती... पर येतीया.”

मी पडद्याकडे तोंड फिरवलं, कारण आता काही केल्या राग टिकेना आणि ते त्याला दिसायला नको होतं.

“जाड चालेल,” मी म्हणाले.