मुलाखतीतला हात

कौसल्याबाई भालेराव गावातल्या कैदी-मुलाखत केंद्रातल्या खुर्चीवर बसल्या आणि सवयीने त्यांनी डावा गाल पुढे केला. गालापासून वीतभर अंतरावर केसाएवढ्या बारीक तारांची चौकट होती. समोरच्या पडद्यावर, दोनशे किलोमीटर दूरच्या तुरुंगातून, त्यांच्या मुलाचा चेहरा उमटला. दयानंद चार वर्षं कच्चा कैदी होता. खटला अजून उभाच राहिला नव्हता.

“आई, बरी आहेस ना?”

त्या काही बोलायच्या आतच गालावरची लव उभी राहिली. कानशिलापासून हनुवटीपर्यंत कुणी अलगद हात फिरवावा, तसं वाटलं.

केंद्र चालवणाऱ्या हेमांगीने पहिल्याच दिवशी त्यांना समजावलं होतं, “मावशी, केस विंचरलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसंच हे. तो तिकडे उजवा हात फिरवतो, कॅमेरा ते टिपतो आणि त्याच बेताने इथल्या तारांमधली स्थिरविद्युत कमीजास्त होते. अंगाला काहीच लागत नाही, पण हात फिरल्यासारखं वाटतं.”

त्या दिवशी कौसल्याबाई ढसाढसा रडल्या होत्या. हेमांगीने अहवालात ‘समाधानी’ लिहिलं. गावोगावच्या केंद्रांतून असे अहवाल गेले आणि दिवाळीनंतर परिपत्रक निघालं: स्पर्शाची सोय घराजवळ झाली आहे, सबब प्रत्यक्ष मुलाखती बंद.

प्रत्यक्ष मुलाखतीत मध्ये जाळी असायची. जाळीतून दयानंदची दोन बोटं धरता यायची. अंगात कणकण आहे, पोरगा वाळलाय, नखं कुरतडलीत, सगळं कौसल्याबाईंना त्या दोन बोटांतून कळायचं. हा नवा हात मात्र नेहमी सारखाच असे. ना गरम, ना गार.

आज दयानंदचा आवाज बसला होता. डोळे खोल गेले होते. तो जेवणाबद्दल काहीबाही सांगत होता आणि गालावरचा हात आपला निवांत फिरत होता.

“दया, जरा हात थांबव.”

“कुठला हात?”

“माझ्या गालावरनं फिरवतोयस तो.”

“आई, मी हात उचललाच नाही.”

हात फिरतच होता.

कौसल्याबाईंनी मान वळवून हेमांगीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. “समोरून हालचाल आली नाही, तर यंत्र साठवलेला जुना स्पर्श लावतं, मावशी. कंपनीने तशीच रचना केलीय. माणसं नाराज होऊन जाऊ नयेत म्हणून.”

“दया, हात दाखव मला.”

दयानंदने आधी मागे वळून पाहिलं. मग डाव्या हाताने उजवा हात उचलून पडद्यासमोर धरला. मनगटाला मळकी पट्टी होती. बोटं सुजून वाकडी झाली होती.

“पडलो,” तो म्हणाला.

वेळ संपली. पडदा काळा झाला. गालावरून हात आणखी दोनदा फिरला आणि मग थांबला.

हेमांगीने यंत्राची नोंद उघडली. “त्याच्या हाताची शेवटची खरी हालचाल... अकरा आठवड्यांपूर्वीची.”

कौसल्याबाईंनी पदराने गाल पुसला. पुन्हा पुसला, लाल होईपर्यंत पुसला.

“अकरा आठवडे माझ्या लेकाचा हात उठत नव्हता,” त्या म्हणाल्या, “आणि तू मला दर वेळी खुशाल घरी पाठवत होतीस. उद्या पडद्यावरचा चेहराही असाच साठवलेला लावलात, तर तो जिवंत आहे की नाही, हे तरी मी कुणाला विचारू?”