पहिल्या पानावरचा फोटो

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ठाण्यात फोन आला. पलीकडे एक बाई होती आणि तिच्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा. "त्याचं डोकं राहिलं नाहीये," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती.

इन्स्पेक्टर बाई हातातला चहा तसाच ठेवून निघाल्या. ठाण्यात त्यांना पाठीमागे गोचीड म्हणत, कारण एकदा चिकटल्या की रक्त काढल्याशिवाय सुटत नसत. त्यांना हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडायचंही.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. मेलेला माणूस वेबसाइट बनवायचा, त्याही फक्त अशा लोकांच्या, जे कुठल्या कंपनीच्या दारात न जाता चार मित्र जमवून आपला आपण सिनेमा काढतात. ती सगळी मंडळी त्याला कारागीर म्हणायची. आता कारागीर टेबलाखाली पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू आत गेली होती. शर्ट टांगायला ठेवलेला कॅमेऱ्याचा जड लोखंडी स्टँड शेजारीच आडवा होता आणि मारणाऱ्याने तो त्याच शर्टाने पुसला होता. रक्त भिंतीवर, कीबोर्डवर, पार छतापर्यंत उडालं होतं. डॉक्टरांनी सात घाव मोजले. मरण काल संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यानचं, म्हणाले.

दोन गोष्टी बाईंनी वहीत लिहिल्या. एक, त्याचा उजवा हात भिंतीकडे लांबलेला होता आणि बोटं मोठ्या स्क्रीनच्या बटणाशी पोचली होती. स्क्रीन मात्र बंदच. दुसरी, टेबलाला दोरीने बांधलेला एक जुनापुराणा मोबाइल खाली पडला होता आणि त्यावर कुणीतरी टाच रगडून त्याचा पार भुगा केला होता. माणूस मेल्यावर फोनवर राग काढणारा हा कोण शहाणा, असं त्यांना वाटलं.

भिंतीवर कारागिराच्या हातचा एक कागद होता. 'पाहुणा दहा सेकंद थांबतो. ट्रेलर वर, फोटो एकच पण मोठा. फोन नंबर शोधायला लावाल तर पाहुणा आल्या पावली परत जाईल. आपोआप वाजणारं संगीत मागणाऱ्याला जिन्यावरूनच परत पाठवावं. आणि साइट आधी छोट्यावर बघायची, मग मोठ्यावर.' माणूस खडूस असणार, पण बाईंना तो आवडून गेला. मेल्यावर आवडला, हे काही बरं झालं नाही.

फोन करणारी बाई जिन्यात बसली होती. ती दिग्दर्शिका. आठ वर्षं खपून तिने एक सिनेमा पुरा केला होता आणि त्याची साइट आज आठ वाजता आपोआप जगासमोर उघडणार होती. एका मोठ्या महोत्सवाचे निवड करणारे लोक ती आजच बघणार होते. कारागीर साइटची लिंक कुणालाच पाठवत नसे, इथे खोलीतच दाखवायचा, म्हणून शेवटचं बघून घ्यायला ती लवकर आली आणि हे दिसलं. कोपरापर्यंत तिचे हात रक्ताने माखले होते. त्याला उलथवून बघायचा प्रयत्न केला, म्हणाली.

शेजारच्या शिंप्याने मात्र भलतंच सांगितलं. परवा याच खोलीत ती कारागिरावर ओरडत होती, "माझ्या सिनेमात नाक खुपसलंस तर जीव घेईन."

"भांडण कशावरून झालं?" बाईंनी विचारलं.

"कामावरून."

"कामातल्या कशावरून?"

तिसऱ्यांदा विचारलं तरी "कामावरूनच," एवढंच. मान मात्र खाली गेली, आणि ही भीती नव्हे, लाज आहे, असं बाईंना वाटून गेलं.

आठ वाजले तेव्हा पंचनामा चालू होता. बाईंनी आपल्या मोबाइलवर पत्ता टाकला, तर मेलेल्या माणसाने लावून ठेवलेलं पान वेळेवर उघडलं. वर एकच फोटो. पांढऱ्या डोंगरासमोर दिग्दर्शिका उभी, केस वाऱ्यावर, नजर थेट. दहा सेकंद कसले, बाई मिनिटभर बघत राहिल्या.

साहेबांना एवढा धीर नव्हता. हात रंगलेले, धमकी ऐकलेली, आणखी काय आरती ओवाळायची, असं म्हणून त्यांनी पाच वाजता तिला कोर्टात उभं करायचं ठरवून टाकलं. काल संध्याकाळी ती घरी होती, हे सांगायला फक्त तिचे वडील होते, आणि बापाच्या साक्षीला कोण विचारतो? ते म्हातारे गृहस्थ ठाण्याच्या बाकावर येऊन बसले. पाचनंतर पोरगी आपल्या हाती लागत नाही, एवढं त्यांना कळलं होतं. दर पंधरा मिनिटांनी ते घड्याळाकडे बघत आणि मग बाईंकडे. बाईंना ती नजर सोसेना, म्हणून त्या बाहेर पडल्या.

या सिनेमाची माणसं तीनच, दिग्दर्शिका, कॅमेरामन आणि आवाज घेणारा. कॅमेरामन एका कॅमेरे दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा. अंगाने थोराड आणि बोलायला गोड. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. शूटिंगच्या वेळी जनरेटरच्या पट्ट्याने खाल्ली, हे त्याने न विचारताच सांगितलं. खिशात जुना बटणांचा फोन, त्यावरून सगळे त्याला बटण म्हणायचे आणि त्याला त्याचाही अभिमान होता.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"दुकान बंद करून चालायला गेलो. एकटाच."

"कारागिराकडे शेवटचा कधी गेलास?"

"महिना झाला असेल. मला त्या साइटबिइटमधलं काही कळत नाही, बाई."

"आजची साइट पाहिलीस?"

"पाहिली की. साडेआठला, इथल्या कॉम्प्युटरवर."

"कुणाच्या मोबाइलवर नाही?"

"त्या काचेच्या पाट्यांना मी हातही लावत नाही."

"कशी वाटली?"

इथे त्याचा गोडवा जरा आटला. "कशी म्हणजे? डोंगरासमोर ती एकटी. आठ वर्षं आणि दोन बोटं माझीही गेलीत, पण ठीक आहे. ज्याचं नशीब त्याच्यापाशी."

तिघे मिळून काढू, तिघांचा म्हणून दाखवू, असं ठरलं होतं म्हणे. बाईंनी सगळं लिहून घेतलं. त्यात त्यांना काही खटकलं नाही. त्यांनी पाहिलेला फोटो हाच तर होता.

खटकलं ते आवाजवाल्याच्या घरी. हा काडीपैलवान, घाबरट आणि घाबरला की विनोद करणारा. काल संध्याकाळी बहिणीच्या घरी होता म्हणाला, आणि बहीण तर त्याला ओरडायची संधीच शोधत होती, तरी तिनेही तेच सांगितलं. साइट सकाळी भाच्याच्या कॉम्प्युटरवर पाहिली म्हणाला.

"फोटो आवडला?"

"माझं सोडा. हातात ती माइकची काठी घेऊन मी डावीकडे असा उभा आहे, जसा काही तळ्यावरचा बगळा. लग्न जमायचं असलं तरी मोडेल."

बाईंनी मोबाइल काढून पुन्हा पाहिलं. त्यात ना काठी होती ना बगळा. हा गृहस्थ साइट न बघताच थापा मारतोय, हा पहिला संशय. बहिणीलाही पढवलं असेल, हा दुसरा. त्याला गाडीत घालूनच त्या ठाण्यावर आल्या आणि साहेबांना दाखवायला म्हणून कारकुनाच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं.

उघडलं आणि त्या खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसल्या. फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. डावीकडे काठी घेतलेला बगळा, मध्ये दिग्दर्शिका. उजवीकडे कोण होतं तेही त्यांनी पाहिलं. घड्याळात साडेतीन झाले होते.

कॅमेरामनच्या दुकानात एक चक्कर मारून, चार वाजता त्यांनी तिघांना कारागिराच्या खोलीत बोलावलं. दिग्दर्शिकेला बेड्या होत्या. भिंतीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं आणि वास जात नव्हता. साहेब दारात उभे राहून घड्याळ बघत होते. बाईंनी मोठी स्क्रीन मुद्दाम बंदच ठेवली.

"हा माणूस साइटची लिंक कुणालाही पाठवत नसे," बाई म्हणाल्या. "दाखवायची ती याच खोलीत. आधी दोरीला बांधलेल्या जुन्या मोबाइलवर, मग मोठ्या स्क्रीनवर. त्याचं म्हणणं, भिकार फोनवर चाललं तर कुठेही चालेल. म्हणजे आज सकाळी आठपर्यंत हे पान या खोलीबाहेर नव्हतंच. आणि मोबाइलची काच असते अरुंद. तिच्यावर रुंद फोटोचा फक्त मधला भाग राहतो, कडा कापल्या जातात. मोबाइलवर दिग्दर्शिका एकटी दिसते. मीही सकाळी तेच पाहिलं आणि फसले."

त्या कॅमेरामनकडे वळल्या.

"तू म्हणालास, दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. मी आत्ताच तिथे जाऊन आले. तिथे ती एकटी दिसतच नाही. आणि तुझे मालक म्हणाले, सकाळपासून त्या कॉम्प्युटरला तू हातही लावलेला नाहीस. तुझा फोन बटणांचा, दुसऱ्याच्या मोबाइलला तू शिवत नाहीस, हे तूच सांगितलंस. मग ती एकटी तुला दिसली कुठे? एकच जागा उरते. त्या दोरीला बांधलेला तो फोन, काल संध्याकाळी. म्हणून तर माणूस मारूनही राग गेला नाही, फोनचाही भुगा केलास."

कॅमेरामन हसला. "फोटोवरून कुणी खून करतं का, बाई?"

"आठ वर्षं आणि दोन बोटं गेल्यावर करतं. त्याने तुला छोट्यावर दाखवलं. तू चिडलास. तो तुझ्याकडे पाठ करून मोठी स्क्रीन लावायला वाकला. बोटं बटणाशी पोचली होती त्याची. उरलेला फोटो दाखवणार होता तो तुला. तेवढा एक क्षण तू थांबला नाहीस."

तो उठला कधी आणि बाईंवर पडला कधी, कुणालाच कळलं नाही. थोराड हात बाईंच्या गळ्याला पडले आणि डोकं भिंतीवर आदळलं. आठ बोटं होती, पण दहांचं काम करत होती. बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आवाजवाल्याने किंचाळत त्याच्या दंडाचा चावा घेतला, हवालदाराने दांडका गुडघ्यावर हाणला, तसं हाड मोडल्याचा आवाज आला आणि तो टेबलावर कोसळला. दोघांनी मिळून त्याची मान तिथेच दाबून धरली. नाकातून रक्त कीबोर्डवर गळत होतं, जुन्या रक्तावर नवं.

बाई गळा चोळत उठल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

स्क्रीन उजळली. डोंगर, बगळा, दिग्दर्शिका, आणि उजवीकडे खांद्यावर कॅमेरा घेतलेला तो स्वतः, तीन बोटांचा हात सगळ्यांना दिसेल असा. त्याच्या पलीकडे, फोटोच्या उजव्या कडेवरच, मोठ्या अक्षरांत 'तिघांचा सिनेमा' आणि तीन नावं.

तो बघत राहिला. धडपड थांबली.

"हे कधी टाकलं?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून होतं," बाई म्हणाल्या आणि दिग्दर्शिकेकडे वळल्या. "परवा भांडण कशावरून झालं, ते आता सांगा. मला नाही, याला."

दिग्दर्शिकेने बेड्या घातलेले हात स्क्रीनवरच्या तीन नावांकडे केले. साहेब घड्याळ बघायचे थांबले होते.

"मी त्याला सांगितलं होतं की फोटोत मी एकटीच हवी," ती म्हणाली. "तुम्हा दोघांना काढ म्हटलं. निवडणाऱ्यांना एकच चेहरा लक्षात राहतो, म्हटलं. तो ऐकेना. म्हणाला, तिघांचा आहे तर तिघं दिसतील, नाहीतर दुसरा कारागीर बघ. तेव्हा मी जीव घ्यायची भाषा केली. तुझ्यासाठी भांडला तो, माझ्याशी."

कॅमेरामनने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीवर खडूने काढलेल्या त्या माणसाच्या आकाराकडे, आणि पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे मी भलत्यालाच मारलं," तो म्हणाला.

दिग्दर्शिका मागे सरकत भिंतीला टेकली. हवालदार तिच्या बेड्या काढायला आला, तरी तिला हात पुढे करायचं भान नव्हतं. बाईंनी वही उघडली, ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याखाली त्याची सही मागितली.