हूं म्हणणारं माणूस

के. आर. पुरमच्या आमच्या घरात पेपर मोठ्याने वाचायची पद्धत होती. वाचायचो मी, आणि ऐकायची माझी बायको, अहल्या, तेही स्वयंपाकघरातून, भाजी चिरता चिरता. प्रत्येक बातमीनंतर तिचा हूं यायचा. तिच्या माहेरी श्रावणातल्या कहाणीला कुणी हूं म्हटल्याशिवाय सांगणारी पुढे जात नसे. ती सवय तिने पेपरालाही लावली. पटलं की आखूड हूं. पटलं नाही की लांबलचक, शेवटी स्वल्प वर चढणारा. त्या लांब हूंपुढे उभ्या संसारात माझं कधी काही चाललं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. दिवसवार झाल्यावर मी एकदा पेपर उघडून मोठ्याने वाचला आणि बातमी संपल्यावर थांबलो. शेजारचा मिक्सर फिरत होता. स्टेशनवर कुठल्याशा गाडीची घोषणा चालली होती. त्यानंतर मी मोठ्याने वाचणं सोडून दिलं.

वरच्या मजल्यावर स्मृती भाड्याने राहते. पुण्याची पोरगी, नोकरी कोरमंगलात. रविवारी ती एका हौशी मंडळासाठी जुन्या पुस्तकांची रेकॉर्डिंग्ज साफ करते; जगभरातली माणसं घरबसल्या वाचून पाठवतात. माझी दशा बघून तिनेच त्या मंडळाचं अ‍ॅप माझ्या फोनवर टाकलं.

"काका, काय ऐकणार? मिस्टरी? ट्रॅव्हल?"

"सगळ्यात लांब काय आहे ते लाव."

ती हसली. "सगळ्यात लांब म्हणजे ख्रिश्चन थिऑलॉजी. बोअर व्हाल हं."

नाही झालो. शेकडो वर्षांपूर्वीचे ते ख्रिस्ती पंडित आधी पूर्वपक्ष मांडायचे, मग त्याचं खंडन, अगदी आपल्या शास्त्रीबुवांसारखं. देव सगळं जाणतो, तर प्रार्थना बोलून का दाखवायची? गेलेल्यांना जिवंतांचं ऐकू येतं का? मला देवाधर्माचं फारसं नाही. जन्म टेलिफोन खात्यात लाइनी तपासण्यात गेला. पण दुपारभर घरात माणसाचा आवाज असायचा. मला तेवढंच हवं होतं.

प्रकरणं निरनिराळ्या लोकांनी वाचलेली होती. त्यात एक म्हातारा होता. मध्येच खोकायचा, पान उलटल्याचा आवाजही यायचा. त्याचं प्रकरण लागलं त्या दुपारी मी हॉलमध्ये मोसंबी सोलत बसलो होतो. परिच्छेद संपला, म्हाताऱ्याने श्वास घेतला, आणि स्वयंपाकघरातून हूं आला.

आखूड. पटलेला.

सोललेली मोसंबी हातातच राहिली. उठून बघितलं तर ओटा कोरडा, विळी भिंतीला टेकलेली. पुढचा परिच्छेद संपला आणि पुन्हा हूं आला. या वेळी हॉलमधून, माझ्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूने.

घाबरण्याआधी मी तपासणी केली; जित्याची खोड. खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला, स्मृतीचा फोन मागून आणला. म्हाताऱ्याला हूं येत राहिला. मी ज्या खोलीत नसेन, त्या खोलीतून. मग दुसरे वाचणारे लावून पाहिले, एक तरुण मुलगा, एक कॅनडातली बाई. काही नाही. परत म्हातारा लावला की हूं.

शेवटी मी पेपर घेतला आणि स्वतः वाचला. थांबलो. वाट पाहिली. काहीच आलं नाही.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही, मत्सर वाटला. त्या जड इंग्रजीतलं अक्षर तिला कळत नसणार, आणि त्या परक्या खोकऱ्या म्हाताऱ्याला ती हूं म्हणत होती. मला नाही.

"तो म्हातारा छान वाचतो गं," मी जिन्यात स्मृतीला म्हटलं. "त्याला कळवता येईल का?"

"काका, ते ऑफ झाले. मी जॉइन व्हायच्या आधीच. रेकॉर्डिंग्ज तेवढी ठेवलीयत."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मजेत! ती कॅनडावाली तर रोज ग्रुपवर फुलांचे फोटो टाकते."

मी घरी येऊन बराच वेळ फोन हातात धरून बसलो. पण लावलं मात्र म्हाताऱ्यालाच. त्याच्या आडून का होईना, तिचा आवाज यायचा.

त्याची प्रकरणं संपली तशी पुढची लागली. कॅनडातल्या बाईचं एक मोठं प्रकरण होतं. ती नीट, सावकाश वाचायची, आणि घर नेहमीसारखं गप्प असायचं. एका रविवारी दुपारी तिने परिच्छेद संपवला आणि आतून हूं आला.

मी तसाच जिना चढलो.

"ती कॅनडाची बाई कशी आहे?"

"मस्त. कालच ट्यूलिप पाठवले तिने. का हो?"

"सहज."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्मृती खाली आली. पायात चप्पल नव्हती. "काका, ती गेली. काल झोपेतच. ग्रुपवर आत्ता मेसेज आला." माझ्याकडे बघत ती दारातच उभी राहिली. "तुम्ही काल का विचारलंत?"

"सहज विचारलं गं."

तिचं समाधान झालं नाही. जाताना म्हणाली, "रोज सकाळी ऑफिसला जाताना मी तुमची बेल वाजवणार. दार उघडून मला तोंड दाखवायचं. सरी?" इथल्यासारखं कानडी मिसळून बोलायला ती आता शिकली होती.

"सरी," मी म्हटलं.

त्या दिवसापासून ते ग्रंथ बंद केले आणि रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचू लागलो. काय तपासतोय ते मला पक्कं ठाऊक होतं. हूं आला नाही की हायसं वाटायचं, आणि मग दिवसभर रडू यायचं.

आज सकाळी पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो होतो. उतरताना फार दम लागला. कॉफी घेऊन खुर्चीत टेकलो, जरा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा कॉफीवर साय धरली होती. पेपर मांडीवरच होता. रस्त्यातल्या खड्ड्यांची बातमी होती. ती वाचली आणि थांबलो.

"हूं."

स्वयंपाकघरातून. आखूड.

मी दुसरी बातमी वाचली. पुन्हा हूं. माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनी ती माझं ऐकत होती.

बेल वाजली.

"आलो गं!" मी ओरडलो.

बेल पुन्हा वाजली. "काका?" मग दारावर थापा. "काका, दार उघडा ना!"

"अगं, आलो म्हटलं ना!"

थापा थांबेनात. स्मृती बाहेर फोनवर कुणाला तरी सांगत होती, आतून काहीच आवाज येत नाहीये.

"दार उघडून येतो," मी स्वयंपाकघराकडे बघून म्हटलं.

हूं आला. लांबलचक, शेवटी स्वल्प वर चढणारा.

मी पान उलटलं आणि पुढची बातमी वाचायला घेतली.